स्थैर्याचा अतिरेक

इ. स. १८७१ च्या ऑगस्ट महिन्यात आल्फाँस पेनो नावाच्या एकवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्युइलरी बागेत, रबराच्या पिळावर चालणारे एक चिमुकले विमान जाणकार मंडळींच्या देखत हवेत सोडले, आणि चालक नसतानाही ते अकरा सेकंद तोल सांभाळून उडत राहिले. पंखांची टोके किंचित वर वळवलेली आणि मागे शेपूट, एवढीच त्याची तजवीज. पण विमानाच्या स्थैर्यशास्त्राचा निम्मा मजकूर त्या खेळण्यात येऊन गेला होता.

शेपटीचे मर्म असे की, वाऱ्याच्या झोताने विमानाचे नाक उचलले गेले म्हणजे पंख आणि शेपूट या दोहोंवरील ऊर्ध्वगामी बल वाढते, आणि ही वाढ एकवटून जिथे लागू होते तो बिंदू जर गुरुत्वमध्याच्या मागे असेल, तर तीच वाढ विमानाचा मागचा भाग वर लोटून नाकाला पूर्वस्थळी आणते. तो बिंदू गुरुत्वमध्याच्या पुढे गेला, की तीच वाढ नाकाला आणखी वर ढकलते. वर वळवलेल्या पंखांचे काम बाजूच्या तोलाचे: एक पंख खाली गेला की विमान त्या बाजूस घसरू लागते, खालच्या पंखाला वारा अधिक कोनाने भिडतो आणि तो पंख आपोआप वर येतो.

युरोपातील बहुतेक संशोधक या स्वयंस्थैर्याच्या मागे लागलेले असताना, ओहायोतील डेटन गावच्या राइट बंधूंनी उलट वाट धरली. आपले शरीर इकडेतिकडे झुकवून तोल राखणारा ऑटो लिलिएन्टाल १८९६ साली पडून मरण पावला, त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की उणीव आहे ती वैमानिकाच्या हाती असलेल्या नियंत्रणाची. दोघांचा धंदा सायकलींचा होता, आणि सायकल स्वतःहून उभी राहत नाही म्हणून तिला सदोष कोण ठरवतो? १९०३ च्या त्यांच्या विमानात पंखांची टोके मुद्दाम खाली झुकवलेली होती आणि नाक वरखाली करणारे सुकाणू पुढच्या अंगाला होते. १७ डिसेंबरचे पहिले बारा सेकंदांचे उड्डाण हेलकावे खात पार पडले, याचे कारण वाऱ्याइतकेच या रचनेतही होते. हा हट्ट त्यांनाही थोडा महागच पडला असावा, कारण १९०४ च्या विमानात त्यांना नाकाशी सुमारे ७० पौंड लोखंड बांधून गुरुत्वमध्य पुढे आणावा लागला.

ब्रिटनमध्ये जी. एच. ब्रायन यांनी १९११ साली विमानाच्या स्थैर्याला गणिताचा भक्कम पाया घालून दिला. फार्नबरोच्या सरकारी कारखान्यातील एडवर्ड बस्क यांनी त्याच्या आधारे बी. ई. २ सी हे असे विमान सिद्ध केले, की वैमानिकाने हात सोडले तरी ते आपल्या मार्गावरून ढळत नसे. बस्क स्वतः नोव्हेंबर १९१४ मध्ये, याच जातीच्या विमानाने हवेत पेट घेतल्यामुळे, दगावले. टेहळणीसाठी असे निश्चल विमान उत्तमच. परंतु १९१५ साली जर्मन फोकर विमाने पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडू लागली, तेव्हा या विमानाला झटकन वळण्याची मुभा नव्हती, आणि निरीक्षक पुढच्या आसनावर तारा व दांड्यांच्या जंजाळात बसत असल्याने त्याला धड बंदूकही रोखता येत नव्हती. स्थैर्य म्हणजे विमानाने बदलाला केलेला विरोध. तो बदल वाऱ्याचा की चालकाच्या हुकुमाचा, हे विमानाला कळत नाही.

पुढे संगणकाने हा वाद वेगळ्याच रीतीने मिटवला. १९७४ साली उडालेल्या अमेरिकन एफ-१६ मध्ये स्थैर्य जाणूनबुजून सैल ठेवले होते. ४ जानेवारी २००१ रोजी बंगळूरहून प्रथम झेपावलेल्या, आणि आता नाशिकजवळ ओझर येथेही जोडणी होणाऱ्या, तेजसमध्येही हेच तत्त्व आहे. क्षणोक्षणी तोल सावरण्याचा भार त्यात चार समांतर संगणकीय मार्गांनी वाहिला जातो.

प्रवासी विमानाला मात्र एवढी मोकळीक कोणी देत नाही. सामान व माणसे कुठे भरली यावरून गुरुत्वमध्य ठरतो, आणि त्याने मागच्या मर्यादेपलीकडे जाता कामा नये. लहान विमानात निघण्यापूर्वी एखाद्या प्रवाशाला पुढच्या आसनावर जाण्याची विनंती होते, ती बहुधा याचमुळे.