अंथरूण ओले होणे : शिक्षा नव्हे, उपचार हवा

देशातील सार्वजनिक आरोग्याची चर्चा होते, तेव्हा कुपोषण, क्षयरोग, माता-बालमृत्यू हे प्रश्न स्वाभाविकपणे अग्रस्थानी असतात. ज्या तक्रारीने जीव जात नाही, परंतु रोज सकाळी मान खाली घालावी लागते, ती मात्र घराच्या उंबऱ्याबाहेर सहसा येत नाही. झोपेत अंथरूण ओले होणे ही अशीच एक तक्रार होय. आयुर्वेदात तिला ‘शय्यामूत्र’ असे नाव आहे. म्हणजे ही तक्रार जुनीच आहे. तरीही ती आळस, हट्ट किंवा वाईट सवय आहे हा समज अद्याप कायम असून त्याची किंमत मुलांना मोजावी लागते.

प्रश्नाची व्याप्ती

वयाची पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत झोपेत लघवी होणे हा वाढीचाच एक भाग मानला जातो. त्यानंतरही ते वारंवार होत राहिल्यास त्याकडे वैद्यकीय दृष्टीने पाहावे लागते. विविध देशांतील पाहण्यांनुसार पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी सुमारे १५, तर दहा वर्षांच्या १०० मुलांपैकी सुमारे ५ मुलांना हा त्रास असतो. मुलींपेक्षा मुलग्यांत तो अधिक आढळतो. दरवर्षी अशा मुलांपैकी सुमारे १५ टक्के मुले उपचारांशिवाय बरी होतात. तथापि, प्रौढांमध्येही १०० पैकी एखाद-दुसऱ्या व्यक्तीला हा त्रास असतो. त्यामुळे ‘मोठेपणी आपोआप थांबेल’ हे आश्वासन प्रत्येकाच्या बाबतीत खरे ठरत नाही.

कारणमीमांसा

यामागे प्रामुख्याने तीन कारणे असतात. रात्री लघवीचे प्रमाण कमी करणारे संप्रेरक काही मुलांत पुरेसे स्रवत नाही. काहींचे मूत्राशय कमी लघवी साठवते. आणि मूत्राशय भरल्याची सूचना गाढ झोपेतील मेंदूपर्यंत पोहोचूनही जाग येत नाही. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. आई-वडिलांपैकी एकाला बालपणी हा त्रास असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, आणि दोघांनाही असेल तर सुमारे ७७ टक्के असते. यांपैकी कोणतेही कारण मुलाच्या इच्छेवर अवलंबून नाही. म्हणूनच मारणे, हिणवणे किंवा ओले अंथरूण चारचौघांत वाळत घालायला लावणे यांचा काहीही उपयोग होत नाही. बद्धकोष्ठतेमुळे मूत्राशयावर दाब येतो, हे कारण मात्र अनेकदा नजरेतून सुटते.

सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ कोरड्या राहिलेल्या मुलाला हा त्रास पुन्हा सुरू झाल्यास त्याचे कारण शोधलेच पाहिजे. मूत्रमार्गाचा संसर्ग, घरातील ताण, क्वचित लैंगिक अत्याचार हेही त्यामागे असू शकतात. अचानक वाढलेली तहान आणि घटणारे वजन ही मधुमेहाची लक्षणे असू शकतात; अशा वेळी त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी.

उपचारांची पायरी

पहिल्या पायरीला फारसा खर्च नाही. दिवसभर पुरेसे पाणी, संध्याकाळनंतर ते कमी, चहा-कॉफी वर्ज्य, झोपण्यापूर्वी लघवी आणि बद्धकोष्ठतेवर उपाय, एवढी शिस्त पाळावी. शौचालय घरापासून दूर किंवा अंधारात असेल, तर दिवा आणि सोबत यांची व्यवस्था हाही उपचाराचाच भाग ठरतो.

दुसरी पायरी ओलाव्याने वाजणाऱ्या गजराची. १९३८ साली अमेरिकेतील मॉवरर दाम्पत्याने या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन-तीन महिने नेटाने वापरल्यास सुमारे दोन-तृतीयांश मुले कोरडी राहू लागतात. गजराचा खर्च एकदाच होतो. परंतु एका खोलीत सारे कुटुंब झोपत असेल, तर रोजची झोपमोड सर्वांनाच सोसावी लागते. डेस्मोप्रेसिन हे औषध लवकर गुण देते, मात्र ते थांबवल्यावर त्रास अनेकदा परततो. ते घेण्यापूर्वी एक तास आणि नंतर आठ तास पाणी अगदी मर्यादित ठेवावे लागते. अन्यथा रक्तातील सोडियम घटून झटके येऊ शकतात. इमिप्रामिन हे जुने औषध अधिक मात्रेत हृदयाला घातक ठरते. म्हणून कोणतेही औषध वैद्यकीय सल्ल्याविना देऊ नये.

प्रौढांमध्ये हा त्रास नव्याने उद्भवल्यास मधुमेह, प्रोस्टेटची वाढ, झोपेत श्वास अडखळणे, मज्जासंस्थेचे विकार आणि चालू औषधांचे परिणाम तपासावे लागतात. संकोचामुळे डॉक्टरांकडे न जाणे हाच येथे सर्वांत मोठा अडथळा ठरतो.

निवासी शाळांची जबाबदारी

या प्रश्नाची धार सर्वाधिक जाणवते ती वसतिगृहात. जवाहर नवोदय विद्यालये, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये, एकलव्य आदर्श निवासी शाळा यांत सहावीपासून मुले घर सोडून येतात. वरील प्रमाण लक्षात घेतले, तर नव्याने आलेल्या १०० मुलांत चार-पाच जणांना हा त्रास असण्याचा संभव आहे. चिडवण्याला कंटाळून एखादे मूल घरी परतले, तर त्या कुटुंबाने शिक्षणाद्वारे प्रगतीची धरलेली आशा आणि शासनाने केलेली गुंतवणूक दोन्ही वाया जातात.

त्यासाठी नव्या योजनेची गरज नाही. जलरोधक चादर, जादा अंथरूण, ते कोणाच्या नजरेस न पडता बदलण्याची सोय आणि प्रवेशाच्या वेळी पालकांना एकांतात विचारलेला एक प्रश्न, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत जातातच. त्यांच्यापर्यंत ही मुले पोहोचवता येतील. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. ओल्या अंथरुणासाठी मुलाला अपमानित करणे हा मानसिक छळच होय, याची जाणीव प्रत्येक अधीक्षकाला असली पाहिजे.

घरातील हिशेबही विसरता येत नाही. रोजचे धुणे, त्यासाठी वाहून आणलेले पाणी आणि आईची मोडलेली झोप यांची नोंद कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात होत नाही. वेळेवर मिळालेला योग्य सल्ला हा भार हलका करतो, आणि ज्या मुलाला आजवर दोषी ठरवले गेले, त्याला निर्धास्त झोपेचा हक्क परत मिळवून देतो.