वेबसाइटवरचे आयकॉन : फाइल एक, रंग हवे तितके

आमच्या अनेक व्यापारी बांधवांनी दुकानाच्या वेबसाइट बनवून घेतल्या आहेत. तिच्यावर फोनचे चिन्ह, खरेदीच्या टोपलीचे चिन्ह, शोधायचे भिंग, मागे-पुढे नेणारे बाण अशी दहा-वीस छोटी चिन्हे असतात. त्यांना आयकॉन म्हणतात. बाब क्षुल्लक दिसते; पण काही ठिकाणी काम करून देणारे याचेच पैसे पुन्हा पुन्हा मागतात. निळ्याचे वेगळे, पांढऱ्याचे वेगळे, मोठ्या आकाराचे आणखी वेगळे. आयकॉन एसव्हीजी प्रकारचा असेल आणि नीट बसविला असेल तर या फेऱ्यांची मुळीच गरज नसते.

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. ताणून मोठा केला की ठिपके उघडे पडतात. एसव्हीजी फाइलीत ठिपके नसून चित्र काढण्याच्या लेखी सूचना असतात : येथून तेथपर्यंत रेघ ओढा, येथे वर्तुळ काढा. नोटपॅडमध्ये उघडली तर चक्क मजकूर दिसतो. म्हणून तळहाताएवढ्या मोबाइलवर असो की मोठ्या पडद्यावर, कड सारखीच स्वच्छ राहते. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या संस्थेने २००१ साली या पद्धतीला मान्यता दिली.

आता बसविण्याकडे वळू. आज बऱ्याच वेबसाइट कुठल्या तरी फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभ्या असतात. उदाहरणासाठी आम्ही रिॲक्ट घेतो. फेसबुकने ते २०१३ साली सर्वांसाठी खुले केले. त्यात पानाचा प्रत्येक भाग एकदा बनवून ठेवायचा आणि हवा तेथे बोलवायचा, अशी रीत आहे.

आयकॉन दोन तऱ्हेने बसतो. फोटोसारखा 'इमेज' टॅगमध्ये दिला तर दिसतो खरा, पण पानाचे रंग त्याच्या आत पोहोचत नाहीत. सूत आधी रंगवून विणलेल्या कापडासारखी ही गोष्ट आहे. रंग विणीतच बसला, आता बदलायचा तर नवा ताणा लावा. दुसऱ्या तऱ्हेत फाइलीतला मजकूरच पानात घेतला जातो. हे ग्रे कापड झाले. ठाण घरात ठेवा, ऑर्डर येईल तसे रंगवा. ज्यांना जागोजागी रंग बदलायचा आहे त्यांनी दुसरी तऱ्हाच मागावी, असे आमचे मत आहे. दुकानाच्या बहुरंगी बोधचिन्हाला मात्र पहिली तऱ्हा पुरते.

पुढचे शब्द संगणकात रोमन अक्षरांत लिहायचे असतात; येथे आम्ही उच्चार देत आहोत. 'फिल' म्हणजे आतला भराव, 'स्ट्रोक' म्हणजे रेघ. डिझायनरच्या फाइलीत यांच्यापुढे बहुधा पक्का रंग लिहिलेला असतो. तो खोडून तेथे 'करंटकलर' लिहावे. अर्थ असा की, आयकॉन ज्या मजकुरात बसला त्याचा जो रंग तोच याचा. बटणावरची अक्षरे पांढरी तर आयकॉन पांढरा. माऊस नेल्यावर अक्षरे हिरवी झाली तर आयकॉनही हिरवा. फिलचा रंग लिहिलाच नसेल तर तो काळा धरला जातो. गडद पट्टीवर आयकॉन 'गायब' होतो तो बहुधा याच कारणाने. पण जेथे फिलपुढे 'नन' लिहिले आहे तेथे हात लावू नये. रेघांच्या चित्राचा काळा गोळा होईल.

रिॲक्टमध्ये आणखी एक खोच आहे. 'क्लास'ऐवजी 'क्लासनेम' लिहावे लागते, आणि 'स्ट्रोक-विड्थ'सारख्या शब्दातली आडवी रेघ काढून पुढचे अक्षर कॅपिटल करावे लागते.

आकाराचे सूत्र 'व्ह्यूबॉक्स'मध्ये आहे. चित्र किती बाय किती चौकटीत आखले हे तो सांगतो. फेदर नावाच्या मोफत संचात ही चौकट २४ बाय २४ ची आहे. व्ह्यूबॉक्स गाळला गेला तर लांबी-रुंदी बदलूनही चित्र लहान-मोठे होत नाही, नुसते कापले जाते. लांबी-रुंदी 'एक एम' ठेवली की आयकॉन अक्षरांच्या मापाने चालतो. आकार दुप्पट केला की रेघही दुप्पट जाड होते, तेव्हा तिची जाडी हाताने कमी करावी.

ज्यांची वेबसाइट मराठीबरोबर उर्दूतही आहे त्यांनी बाणांकडे जरूर पाहावे. उर्दू पान उजवीकडून डावीकडे चालते. तेथे 'पुढे'चा बाण डावीकडे हवा. पानाची दिशा बदलली म्हणून एसव्हीजी आपोआप उलटत नाही. सीएसएसमध्ये 'स्केल-एक्स उणे एक' असा नियम त्या बाणांपुरता लिहावा लागतो. सरसकट सर्व आयकॉन उलटवू नयेत : घड्याळाचे काटे उर्दूतही त्याच दिशेने फिरतात आणि बरोबरची खूणही तशीच राहते.

अंध ग्राहक पान वाचून दाखविणारे सॉफ्टवेअर वापरतात. नुसत्या टोपलीच्या चित्राचे बटण असेल तर त्याला 'एरिया-लेबल' देऊन 'टोपली पाहा' असे लिहावे. शेजारी शब्द असतील तर आयकॉनला 'एरिया-हिडन' लावावे. मग सॉफ्टवेअर त्याला सोडून पुढे जाते.

आयकॉन कोठून आणले हेही विचारून घ्यावे. फेदर आणि हिरोआयकॉन्स हे संच एमआयटी परवान्याखाली आहेत. धंद्यासाठी वापरता येतात, रंगही बदलता येतो. फॉन्ट ऑसमच्या मोफत आयकॉनना श्रेय देण्याची अट आहे. त्यांच्या फाइलीत तशी नोंद असते, ती पुसू नये. व्हॉट्सॲपसारख्या कंपन्यांच्या खुणा त्यांचे ट्रेडमार्क असतात, तेव्हा त्यांवर आपल्या दुकानाचा रंग चढविण्याआधी त्या कंपनीचे नियम वाचावेत.