हरवलेले जाकीट

हेमंत करकरे हे नाव चंद्रपूरला वर्तमानपत्रांतून कळलेले नाही. 1990च्या दशकाच्या आरंभी ते या जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक होते. नक्षलवाद्यांच्या मागावर रान तुडविताना दिसलेली वाळकी खोडे आणि मुळ्या उचलून आणाव्यात व सवडीने त्यांतून शिल्पे घडवावीत, हा छंद या गृहस्थाने येथे जोपासला. तेव्हा मे 2024 मध्ये, लोकसभेच्या प्रचाराच्या धामधुमीत, विधानसभेतील तत्कालीन विरोधी पक्षनेते आणि याच जिल्ह्यातील ब्रह्मपुरीचे आमदार विजय वडेट्टीवार यांनी करकरे कसाबच्या गोळीने मेलेच नाहीत, संघाशी निष्ठा असलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने मेले, असे विधान केले, तेव्हा तो मुंबईतील दूरचा कलह आहे असे म्हणून आम्हांस स्वस्थ बसता आले नाही.

आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. या विधानावर आमचा विश्वास नाही. वडेट्टीवारांनी निवृत्त पोलीस महानिरीक्षक एस. एम. मुश्रीफ यांच्या 2009 सालच्या पुस्तकाचा हवाला दिला. पण पुस्तक म्हणजे पुरावा नव्हे. 26 नोव्हेंबर 2008च्या रात्री कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत ज्या गाडीवर गोळीबार झाला, तीत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर होते. त्याच गाडीतील एक जखमी शिपाई जिवंत राहिला व न्यायालयात साक्षीस उभा राहिला. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय आणि 29 ऑगस्ट 2012 रोजी सर्वोच्च न्यायालय, अशा तीन पायऱ्यांवर तो पुरावा तपासला गेला आणि कसाबची शिक्षा कायम झाली. याहून अधिक छाननी आपल्या देशात क्वचितच एखाद्या खटल्याची होते.

मग संशय मरत का नाही? लोक भोळे आहेत, अफवांचे भुकेले आहेत, असे म्हणून सरकारी अधिकारी मोकळे होतात. आम्हांस ते पटत नाही. करकरे त्या वेळी मालेगावच्या 29 सप्टेंबर 2008च्या स्फोटाचा तपास करीत होते. एका साध्वीस आणि एका लष्करी अधिकाऱ्यास त्यांच्या पथकाने अटक केली होती. त्यांच्यावर रोज टीका होत होती. (त्या खटल्यातील सातही आरोपी 31 जुलै 2025 रोजी निर्दोष सुटले, ही पुढची गोष्ट.) असा अधिकारी अचानक मारला गेला तर मनात प्रश्न येणे स्वाभाविक आहे. तीन आठवड्यांच्या आत केंद्रीय मंत्री अ. र. अंतुले यांनी तो संसदेच्या आवारात जाहीरपणे विचारला. प्रश्न विचारणे हा गुन्हा नव्हे. उत्तर कसे मिळाले, हे पाहण्याजोगे आहे.

त्या रात्री शिरस्त्राण आणि जाकीट चढविणारे करकरे साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले होते. ते जाकीट पुढे कोठे गेले? माहितीच्या अधिकारात विचारणा झाली तेव्हा ते गहाळ असल्याचे उत्तर आले. नंतर रुग्णालयातील एका सफाई कामगाराने ते कचऱ्यात टाकल्याचे सांगण्यात आले. जाकिटांच्या खरेदीची फाईलही प्रथम हरवली आणि मग सापडली. कामटे यांच्या पत्नी विनीता यांना आपला पती त्या गल्लीत कोणाच्या सांगण्यावरून गेला, हे जाणण्यासाठी नियंत्रण कक्षातील संभाषणाच्या नोंदी माहितीच्या अधिकारात अर्ज करून मागाव्या लागल्या. राम प्रधान समितीचा अहवाल एप्रिल 2009 मध्ये सरकारला मिळाला. तो विधिमंडळापुढे आला डिसेंबरात.

आम्ही कधीकाळी मास्तरकी केली आहे. गणित बरोबर सोडवूनही पाटी पाठीमागे लपविणारा मुलगा दर वर्गात एखादा तरी असतो. त्याने शेजाऱ्याचे पाहून लिहिले, असेच सारा वर्ग म्हणतो. आणि वर्गाची समजूत घालता घालता मास्तरांचा तास संपतो.

न्यायाधीश ब्रिजगोपाळ लोया यांचा 1 डिसेंबर 2014 रोजी नागपुरात मृत्यू झाला, तेव्हाही हेच घडले. सर्वोच्च न्यायालयाने 19 एप्रिल 2018 रोजी तो मृत्यू नैसर्गिक ठरविला व सहकारी न्यायाधीशांच्या कथनावर शंका घेण्यास कारण नाही असे म्हटले. आम्ही तो निर्णय मानतो. पण राज्य सरकारने गुप्तवार्ता आयुक्तांकडून चौकशी करविली ती 2017 मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर जवळजवळ तीन वर्षांनी, आणि तीही एका मासिकात लेख आल्यावर. तीन वर्षे मोकळे पडलेले शेत तणाने माजले, यात नवल ते काय!

आमच्या प्रदेशास हे नवीन नाही. गडचिरोली-चंद्रपूरच्या रानात चकमक झाली की पोलिसांचे एक कथन निघते आणि गावात दबक्या आवाजात दुसरे चालते. नक्षलवाद्यांनी 'खबऱ्या' म्हणून कोणास मारले तरी तेच होते. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा निष्कर्ष हे कागद मृताच्या घरी, त्यास समजेल अशा भाषेत, वेळेवर पोचविण्याची तसदी घेतली जाते काय? माडिया बोलणाऱ्या घरात मराठीतील निवेदनही परकेच. तेथे कागदाची जागा कुजबुज घेते, आणि शहरातील शिकलासवरलेला वाचकही यापेक्षा फार वेगळा वागत नाही.

वडेट्टीवारांनी पुराव्यावाचून बोलू नये, हे आम्ही त्यांस स्पष्ट सांगतो. करकऱ्यांच्या नावावर मते मागणाऱ्या साऱ्यांनाच सांगतो. पण मंत्रालयासही एक विचारावयाचे आहे. असा मृत्यू घडला की अंगावरचे कपडे, शस्त्रे आणि संभाषणाच्या नोंदी कोणी, किती तासांत मोहोरबंद करावयाच्या आणि कुटुंबास कोणते कागद न मागता द्यावयाचे, याची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्यावर ठेवण्यास अडचण कसली आहे?

जाकिटाविषयी जाहीरपणे विचारीत राहिलेल्या कविता करकरे स्वतः अध्यापिका होत्या. 29 सप्टेंबर 2014 रोजी त्या वारल्या. पतीचे जाकीट त्यांस अखेरपर्यंत पाहावयास मिळाले नाही.