पाटी आहे, शिक्का आहे, नोंदणी नाही : मग कोर्टात उभे कोण राहणार?

ठाण्याच्या राबोडीपासून मुंब्र्यापर्यंत आणि कल्याणच्या दूध नाक्यापासून डोंबिवली स्टेशनपर्यंत कोणत्याही बाजारात जा, एखादी व्यापारी संघटना, कारागिरांची कमिटी किंवा भिशीचे मंडळ हमखास भेटते. पाटी असते, शिक्का असतो, पावतीपुस्तक असते. नोंदणी मात्र अनेकांची नसते. पैशाचा किंवा जागेचा तंटा उभा राहिला की वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि मग धावपळ सुरू होते.

एक गैरसमज आधी दूर करू. बिनानोंदणीची संघटना म्हणजे बेकायदा संघटना नव्हे. एकत्र येऊन संघटना करण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या अनुच्छेदानेच दिला आहे. अडचण वेगळी आहे. कायद्याला अशी संघटना 'दिसत' नाही, त्याला फक्त माणसे दिसतात. संघटनेच्या नावाने गाळा भाड्याने घेतला, मंडपवाल्याला काम दिले आणि पैसे थकले, तर मंडपवाला पाटीवर दावा लावत नाही. ज्याने सही केली आणि ज्यांनी त्याला सही करायला सांगितले, त्यांच्या घरी नोटीस जाते. वर्षाला वर्गणी देऊन मोकळा होणारा साधा सभासद सहसा सुटतो. अडकतो तो पुढे होऊन काम करणारा. हा न्याय आम्हाला उलटाच वाटतो, पण कायदा तसा आहे.

उलट बाजूने पाहा. संघटनेचेच पैसे कोणी बुडवले, तर संघटनेच्या नावाने दिवाणी दावा टिकत नाही. एक वाट आहे : दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १, नियम ८. समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एक-दोघे दावा लावू शकतात, पण त्याला कोर्टाची परवानगी लागते आणि बाकीच्या सर्वांना नोटीस द्यावी लागते. घटनात्मक हक्काच्या प्रश्नात न्यायालये जास्त मोकळी आहेत. रेल्वेतील एका मान्यता नसलेल्या कर्मचारी संघाची याचिका तेवढ्या कारणावरून फेटाळायला सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या सुमारास नकार दिला होता. तेव्हा दुकानांवर गंडांतर आले तर वाट अगदीच बंद नाही. उधारीच्या वसुलीत मात्र ही सवलत मिळेल असे धरून चालू नये.

कारागीर बांधवांनी जास्त जपावे ते भागीदारीत. दोन मित्र मिळून शिवणकामाचा किंवा फर्निचरचा कारखाना काढतात, नफा वाटून घेतात. कागद असो वा नसो, १९३२ च्या कायद्याने ती भागीदारीच झाली. फर्म नोंदलेली नसेल तर कलम ६९ आडवे येते : गिऱ्हाइकाकडे थकलेल्या मालाच्या पैशासाठी फर्मला दावा करता येत नाही, फर्मवर मात्र कोणीही दावा करू शकतो. दावा लावल्यानंतर नोंदणी केली तर तोच दावा वाचत नाही, नव्याने लावावा लागतो, आणि वसुलीची तीन वर्षांची मुदत तोवर थांबून राहत नाही. महाराष्ट्राने तर १९८४ मध्ये आणखी कडक दुरुस्ती करून, अशा फर्मच्या भागीदाराला आपसातला हिशेब मागण्याचा दरवाजाही जवळजवळ बंद केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये व्ही. सुब्रमण्यम यांच्या खटल्यात ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. म्हणून आज निदान फर्म मोडून हिशेब मागता येतो.

भिशीचे काय? १९८२ च्या चिट फंड कायद्याने चिठ्ठी काढून किंवा लिलाव करून चालवलेल्या भिशीला सरकारची पूर्वपरवानगी लागते. अगदी लहान रकमांनाच सूट आहे. पण सर्वांना ठरलेल्या पाळीने रक्कम मिळते आणि पुढचे हप्ते भरण्याचे बंधन राहते, असा व्यवहार त्या कायद्याच्या व्याख्येत 'चिट' नाही. फरक बारीक आहे, पण लिलावाची भिशी चालवणाऱ्याने तो ध्यानात घ्यावा. पाळीच्या भिशीतही पहिली उचल घेऊन कोणी हप्ते थांबवले तर वसुली तोंडी साक्षीवर अवघड जाते. वहीत प्रत्येक उचलीला सही घेण्यात कोणाचाही अपमान नाही.

नोंदणी करायची तर कोणती? धर्मादाय, शैक्षणिक अशा कामासाठी सात माणसे १८६० च्या कायद्याखाली सोसायटी करू शकतात. महाराष्ट्रात तिला विश्वस्त व्यवस्था म्हणून धर्मादाय कार्यालयातही नोंदावे लागते. तरीही ती पूर्ण अर्थाने स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितले आहे. तिचे दावे अध्यक्ष, सचिव किंवा विश्वस्तांच्या नावे चालतात. सहकारी संस्था मात्र १९६० च्या कायद्याने आपल्या नावाने मालमत्ता धरते आणि दावाही करते. भिशी वाढत चालली असेल तर पतसंस्थेचा विचार करावा. आणि नफ्याच्या धंद्यात पन्नासांहून अधिक माणसे आली, तर कंपनी कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय गत्यंतर नाही.

ज्यांना एवढ्यात नोंदणी झेपत नाही, त्यांनी निदान सभेचा लेखी ठराव करून बँकेत खाते उघडावे. ठराव, पॅन आणि सह्या करणाऱ्यांची ओळखपत्रे दिल्यास नोंदणी नसलेल्या मंडळाचेही खाते उघडता येते. वर्गणी अध्यक्षांच्या स्वतःच्या खात्यात जमा करण्याची रीत आमच्या बाजारांत फार आहे. अध्यक्षांचे निधन झाले तर त्या पैशासाठी वारसांशी बोलणी करावी लागतात.