वानराचा शब्द

सौंसरजवळ जामसावळीला पिंपळाच्या छायेत पहुडलेल्या मारुतीचे दर्शन घेऊन परतताना रामायणातला एक प्रसंग आठवतो. ऋष्यमूकाच्या परिसरात राम-लक्ष्मणांची हनुमंताशी पहिली भेट झाली. त्या वेळी रामाने वाखाणले ते त्याचे बळ नव्हे, त्याचे बोलणे. एवढे बोलला, पण एकही अशुद्ध शब्द तोंडून गेला नाही, असे तो लक्ष्मणाला सांगतो. नर-वानरांचे सख्य जुळले ते असे वाणीवरून!

रुडयार्ड किपलिंगचे मत मात्र निराळे. त्याच्या १८९४ सालच्या ‘जंगल बुक’मधील शिवनीच्या माकडांना स्वतःची भाषाच नाही, ती उसने शब्द घेऊन बडबडतात, असे तो बल्लू अस्वलाच्या तोंडून सांगतो. गंमत अशी की, शिवनी आणि छिंदवाडा जिल्ह्यांत पसरलेल्या पेंचच्या रानात नेमके उलटे घडते. तेथे वानराचाच शब्द दुसरे उचलतात.

पांढुर्णा आणि सौंसर हे भाग २०२३ पर्यंत याच छिंदवाडा जिल्ह्यात होते. आता पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा आहे. संत्र्याच्या या मुलखाला काळतोंड्या वानर काही परका नाही. त्याचे दोन आवाज ध्यानात ठेवावेत. मोठ्या नराचा घुमणारा ‘हुप्प’ शेजारच्या टोळीसाठी असतो. त्यावरूनच आपण त्याला हुप्प्या म्हणतो. दुसरा कोरडा, खोकल्यासारखा खकार. तो वाघ-बिबट्या दिसल्याची वर्दी देतो.

हा खकार ऐकताच झाडाखालचे चितळ मान वर करते, पाय आपटते. उलट, चितळाने ‘कुक’ केले की वानरे फांदीवर सावध होतात. वानराला उंचावरून दूरचे दिसते, चितळाला वासाचे ज्ञान मोठे. शिवाय वानर खातो थोडे, सांडतो फार. ती पाने-फळे चितळाच्या मुखी पडतात. पॉल न्यूटन यांनी कान्हाच्या रानातील या सोबतीवर १९८९ साली निबंधच प्रसिद्ध केला. केनियातल्या अंबोसेली येथे तर माकडांना त्यांचेच ध्वनिमुद्रित आवाज ऐकवण्यात आले. बिबट्याच्या इशाऱ्याला ती झाडावर पळाली, गरुडाच्या इशाऱ्याला त्यांनी आकाशाकडे पाहिले आणि सापाच्या इशाऱ्याला जमिनीकडे! हे १९८० साली प्रसिद्ध झाले.

रानात वावरणाऱ्या माणसालाही ही भाषा उमगते. एखादा खकार त्याला थबकवतो. तो थांबेना, तर तो वाट बदलतो. पण मोहफुलांच्या दिवसांत माणसे अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघतात. त्या वेळी वानरे झाडावर निजलेली असतात. वानर गप्प आहे म्हणजे वाघ नाही, असा अर्थ तेव्हा काढू नये. फुले थोडी कमी मिळाली तरी चालतील. चांगले उजाडू द्यावे, राखणदार जागा होऊ द्यावा, आणि मगच मोहाखाली वाकावे.