विचर्चिका : निदानातील सावधता

कण्डू घेऊन येणारा प्रत्येक रुग्ण विचर्चिकेचा नसतो. तरीही रुग्णाची त्वचा उजेडात नीट पाहण्यापूर्वीच गंधक रसायन व आरोग्यवर्धिनीची योजना केली जाते, हे आपल्या व्यवसायातील कटू वास्तव आहे.

चरकाचार्यांनी विचर्चिकेत कण्डूयुक्त श्याव पिडका व बहुस्राव सांगितला. सुश्रुताचार्यांनी रूक्षता, रेषा व वेदना यांवर भर दिला. हा मतभेद नसून अवस्थाभेद मानावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नव्या व्याधीत स्राव, तर जीर्णावस्थेत खाजवून जाड झालेली, काळवंडलेली त्वचा दिसते. दद्रूमध्ये मंडलाची कड उठावदार व मध्यभाग निवळलेला असतो. परंतु स्टिरॉइडमिश्रित मलम लावलेल्या रुग्णात ही कडच पुसट होते आणि दद्रु विचर्चिकेसारखा भासतो. म्हणून ‘आजवर काय काय लावले?’ हा प्रश्न नाडीपरीक्षेइतकाच महत्त्वाचा. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांतील पुरळ आणि घरातील इतरांनाही तोच त्रास असल्यास खरूज समजावी व सर्व कुटुंबाची एकाच वेळी चिकित्सा करावी.

आपल्या प्रांतात आणखी एका हेतूचा विचार अगत्याचा आहे. गाजरगवत भारतात प्रथम लक्षात आले ते पुण्यात, १९५० च्या दशकात. आज ते प्रत्येक बांधावर आहे. त्याच्या हवेतून येणाऱ्या सूक्ष्म कणांनी शेतकऱ्यांचा चेहरा, पापण्या, मान व कोपराची लवण या भागी चिवट विचर्चिका उद्भवते. गवत अंगणात डोलत असताना महातिक्तक घृताने काय साधणार? निदानपरिवर्जन ही येथे प्रथम चिकित्सा होय. गवंड्याच्या हातांबाबत सिमेंटचा, गृहिणींच्या बाबतीत धुण्याच्या पावडरीचा विचार असाच करावा.

स्रावी अवस्थेत तैलाभ्यंग टाळून त्रिफळा अथवा पंचवल्कल क्वाथाने परिषेक करावा. स्राव थांबून रूक्षता आल्यावर करंज तैल वापरावे. आभ्यंतर चिकित्सेत खदिर, मंजिष्ठा व पंचतिक्त घृत गुग्गुळ यांची योजना दोष पाहून करावी. बलवान रुग्णात, विशेषतः शरद ऋतूत, विरेचन द्यावे. शोधनाविना केवळ शमनावर जीर्ण व्याधी वारंवार उलटतो. आरोग्यवर्धिनीत पारद व ताम्र असल्याने गर्भिणी व वृक्कविकारग्रस्त रुग्णांत ती वर्ज्य समजावी.

औषधालयाच्या मालकांना एक विनंती. केंद्र शासनाने २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइडांच्या बाह्य उपयोगाच्या औषधांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. तथापि घटकद्रव्ये वा परवाना क्रमांक नसलेली, ‘शुद्ध वनौषधी’ म्हणविणारी मलमे आजही विक्रीस येतात. दोन दिवसांत खाज नाहीशी करणारे आणि थांबविताच दुपटीने उलटणारे मलम संशयास्पद समजून परत करावे. अशा मलमाच्या दीर्घ वापराने त्वचा पातळ होते, जांघेत कायमचे व्रणरेषांसारखे पट्टे उमटतात. ते एकाएकी बंद केल्यासही दाह उसळतो. त्यामुळे असा रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांच्या सहकार्यानेच हाताळावा.

तापासह वेदनायुक्त, मध्यभागी खळगा असलेले फोड वेगाने पसरत असल्यास, अथवा सर्वांग लाल होऊन साल निघू लागल्यास, रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.