तालुक्याच्या गावाला वास्तुविशारद हवा

घर बांधणे हा मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा खर्च. शिक्षक त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम उचलतो, कारकून वीस वर्षे कर्जाचे हप्ते फेडतो. तथापि एवढ्या खर्चापूर्वी वास्तुविशारदाचा सल्ला घेण्याची रीत तालुक्याच्या गावांत अद्याप रुजलेली नाही. गवंडी आणि ठेकेदार सांगतील तसे घर उभे राहते.

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीचा विचार करावा. अरुणावती नदीकाठच्या या गावाभोवती कापसाची काळी जमीन आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया उथळ असेल तर भिंतींना तडे जातात. उन्हाळाही विदर्भाचा. मातीच्या जाड भिंती, कवेलूंचे छप्पर आणि पुढची पडवी यांच्या आधारे जुन्या घरांनी त्या उन्हाला तोंड दिले. आजचा सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो व रात्री ती उष्णता खोल्यांत सोडतो. आराखड्यातील चुकीची किंमत घरमालक पुढे वर्षानुवर्षे विजेच्या बिलातून मोजतो. ज्या विद्येने हे टळू शकते, ती गावापर्यंत का पोहोचत नाही?

ही विद्या महाराष्ट्रात नवी नाही. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १८९६ मध्ये नकाशाकारांचा वर्ग सुरू झाला आणि त्यातूनच पुढे वास्तुकलेचे महाविद्यालय वाढले. कोकणातील आचरे येथे १९१६ मध्ये जन्मलेले अच्युत कानविंदे तेथेच शिकले, पुढे हार्वर्डला गेले आणि कानपूरच्या आयआयटीचे संकुल त्यांनी साकारले. विदर्भातील विद्यार्थ्याला आज नागपुरातही हे शिक्षण मिळते. गणित घेऊन बारावी, प्रवेशपरीक्षा, पाच वर्षांची पदवी, तीत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचा काळ आणि शेवटी वास्तुकला परिषदेकडे नोंदणी, असा हा मार्ग आहे. १९७२ च्या कायद्यानुसार या नोंदणीखेरीज कोणाला वास्तुविशारद म्हणवून घेता येत नाही. परंतु हा कायदा पदनामाचे रक्षण करतो, घरे आखण्याच्या कामास इतरांना मज्जाव करीत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. म्हणजे पदवीधराला उपाधी मिळाली; काम मात्र त्याने बाजारातच मिळवायचे.

आणि अडचण बाजारातच आहे. वास्तुविशारदाचे शुल्क सामान्यतः बांधकाम खर्चाच्या टक्केवारीने ठरते. ते पाच टक्के धरले, तर एक कोटीच्या इमारतीवर पाच लाख रुपये मिळतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात २०१६ मध्ये सपाट प्रदेशातील घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. त्यावर हेच शुल्क सहा हजार होते. शिवाय या पद्धतीत घर स्वस्त करून दाखविणाऱ्याचे उत्पन्नच घटते. पाच वर्षांचे शुल्क, वसतिगृह आणि रेखनसाहित्य यांसाठी कर्ज काढलेल्या कुटुंबातील मुलगा पुण्या-मुंबईची वाट धरतो, त्यात त्याचा दोष कोणता? ज्याला सल्ल्याची गरज अधिक, त्याची ऐपत कमी. अशा ठिकाणी केवळ बाजारावर विसंबून चालत नाही. आजाऱ्याची ऐपत पाहून वैद्य नेमायचा, असे ठरले असते तर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघालीच नसती.

तोच न्याय येथे लावावा. नगरपरिषदेने आणि पंचायत समितीने पगारी वास्तुविशारद नेमावा. लहान घर बांधणाऱ्यास ठरावीक अल्प शुल्कात आराखडा व पायाविषयीचा सल्ला मिळावा. महाविद्यालयांनी प्रशिक्षणाच्या काळात काही विद्यार्थी अशा गावी धाडावेत. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामची बापू कुटी उभी आहे. माती, बांबू आणि कवेलू या परिसरातल्याच साहित्यातून विचारपूर्वक बांधलेली वास्तू कशी असते, याचा धडा घेण्यास त्यांना दूर जावे लागणार नाही.

आर्णीसारख्या गावातील मुलाने ही विद्या शिकावी, असे पालकांना सांगणे सोपे आहे. ती शिकून आल्यावर त्याला गावातच मानाने पोट भरता येईल, अशी सोय करणे हे समाजाचे आणि शासनाचे काम आहे. ती झाली नाही, तर गावात घरे वाढतील, कर्जे वाढतील आणि त्यांबरोबर भिंतींवरचे तडेही वाढत राहतील.